भाऊंचे लाल सोमवार

"हात!"

भाऊ एवढंच म्हणायचे, पण असं खेकसून की समोरच्याचं बोट गालावरून आपोआप खाली यायचं. शिवडीच्या गोदामांच्या रांगेतल्या आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कुणी पुटकुळी खाजवलेली त्यांना खपत नसे. एकदा तपासणीला आलेले मोठे साहेब विचार करता करता हनुवटीवरची पुटकुळी चाचपत होते. भाऊ ओरडले आणि साहेबांनी शाळेतल्यासारखे दोन्ही हात टेबलावर ठेवले. तपासणी लवकर आटोपली, हे मात्र खरं.

तुम्ही म्हणाल, हा काय आगाऊपणा. पण भाऊंचा चेहरा पाहिला असता तर तुम्हीही हात खाली घेतला असता. दोन्ही गालांवर आंबोळीला पडते तशी जाळी. "आईने उलटायला उशीर केला," असं स्वतःच सांगून हसायचे. खरं म्हणजे कॉलेजच्या वयात आलेली एकेक पुटकुळी त्यांनी नखाने फोडली होती. वर टूथपेस्ट, लिंबू, जो जे सांगेल ते लावलं. घरचे म्हणाले, वयाचं आहे, जाईल आपोआप. "पुटकुळ्या गेल्या गं बाय," भाऊ म्हणायचे, "खड्डे वस्तीला राहिले."

त्याचं त्यांना काही वाटत असेल असं कधी दिसलं नाही. लग्न केलं नव्हतं. लालबागच्या चाळीत बहीण आणि भाचीबरोबर राहायचे आणि आरशात बघायचे ते फक्त भांग पाडण्यापुरतं. म्हणून एका सोमवारी ते लालबुंद गाल घेऊन आले तेव्हा आम्ही चाटच पडलो.

"भाऊ, हे काय झालं?"

"ऊन लागलं. फ्लेमिंगो बघायला गेलो होतो खाडीवर."

"जुलैत? आता ऊनही नाही आणि फ्लेमिंगोही नाहीत."

"म्हणून तर इतका वेळ शोधत बसलो ना."

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, त्याच्या पुढच्या महिन्यातही. भाऊंचं कुठेतरी जमलंय, असा ऑफिसने निकालच लावला. ड्रायव्हर लोक "कांदेपोहे कधी?" म्हणून छेडायला लागले. भाऊ गालांना सनस्क्रीन चोपडून पुन्हा कामाला लागायचे.

माझं टेबल त्यांच्या समोरच. एक दिवस डबा खाताना मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे बोलले.

भाची अकरावीत. चेहरा पुटकुळ्यांनी भरून गेलेला. चाळीत कुठल्याशा क्रीमची एक ट्यूब विरजणासारखी या घरातून त्या घरात फिरत होती, ती हिनेही लावली. चार दिवस बरं वाटलं, मग दुपटीने उसळलं. पोरीने कॉलेजला जाणंच बंद केलं. भाऊंनी तिला दादरला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, आधी ती ट्यूब बंद. रात्री हे औषध लाव, नख लावू नकोस आणि दोन-तीन महिने धीर धर. आताच आवरलं तर खड्डे पडायचे नाहीत. पोरीने थोडे दिवस लावलं आणि औषध भिरकावून दिलं.

"आईला सांगत होती, काही उपयोग नाही, माझं मामासारखंच होणार." भाऊंनी डब्यातली भाजी उगाच ढवळली. "मी दारातच होतो, बाय. रागावणार कुणावर? तोंड तर माझंच."

मग त्यांनी तिच्याशी सौदा केला. तू रोज औषध लाव, मी दर महिन्याला एका रविवारी खड्डे भरायला गालांना सुया टोचून घेतो. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, तुमचे खड्डे जुने, निम्मे भरले तरी खूप. भाऊ म्हणाले, चालेल. आणि पोरीला सांगितलं, "तू कंटाळलीस की माझ्या सुया फुकट." हा माणूस कोण, तर मंडळाच्या रक्तदान शिबिरातून सुई बघून चपला टाकून पळालेला! मला हसू आलं आणि माझ्या डब्यातला लाडू मी त्यांच्यापुढे सरकवला.

पोरीने औषध सोडलं नाही. दिवाळीनंतर ती कॉलेजला जायला लागली, तोंडाला ओढणी न गुंडाळता. तेव्हापासून भाऊंचे सोमवार पुन्हा सावळे झाले.

"अहो, बाईंनी अजून सुया सांगितल्यात ना? गाल किती छान भरत आलेत."

"कशाला? तिचं झालं की."

पुढे आमचं ऑफिस उरणला हललं. भाऊ लालबाग सोडायला तयार नव्हते, त्यांनी नोकरी सोडली. माझ्या समोरच्या टेबलावर आता प्रिंटर असतो. कुणी कितीही गाल खाजवला तरी तो काही बोलत नाही, आणि मला भाऊंची फार आठवण येते.

परवा दादरला भाजी घ्यायला गेले होते. एका इमारतीच्या जिन्यात भाऊ कठडा घट्ट धरून उभे होते. वर त्वचेच्या दवाखान्याची पाटी. भाची दोन पायऱ्या वर उभी राहून त्यांचा दुसरा हात ओढत होती.

"अगं, आज गर्दी असेल. पुढच्या महिन्यात बघू."

"मामा, माझ्यासाठी टोचून घेतल्यास ना? आता तुझ्यासाठी. मी बसते आत तुझ्याजवळ."

मी हाक मारणार होते, पण तेवढ्यात भाऊंनी कठडा सोडला.