चंद्री आणि दोन घमेली

चंद्रीच्या मांडीला सहा टाके घालून मी हात धूत होते, तेव्हा रत्नाबाई म्हणाल्या, “म्याडम, इले विकूनच टाकतो आता.”

मी वर्ध्याला सरकारी दवाखान्यात पशुवैद्य आहे. रत्नाबाई बोरगाव मेघेच्या, अंगणवाडीत मदतनीस. चंद्री त्यांची गाय, सात महिन्यांची गाभण. तिला ट्रकचा निसटता धक्का बसला होता. सकाळी सोडली की ती मोठा रस्ता ओलांडून एका रिटायर मास्तरांच्या फाटकाशी जायची. तिथे कधी पाच पोळ्या, कधी एक, बरेचदा काहीच नाही.

“घरी रोज ढेप-कुटार भेटते, तरी काऊन जाते थे तिकडं?” रत्नाबाईंनी विचारलं. ढेप म्हणजे सरकीची पेंड, कुटार म्हणजे भुसा.

मी मास्तरांना पोळी बंद करायला सांगितलं. त्यांनी केली. आठवड्याने त्यांचाच फोन आला, “म्याडम, आता तर दुपारपर्यंत उभी राहून राह्यली!”

चूक माझी होती. जिला मुळात कधीमधीच मिळतं, तिला आज मिळालं नाही याचं काय नवल? ती वाट बघत राहते.

रत्नाबाईंनी गिऱ्हाईक शोधलं होतं. मी चार दिवस मागितले.

“चारच. पाचव्या दिवशी थो गाडी घेऊन येते.”

चंद्रीला गोठ्यातच ठेवलं. समोर दोन घमेली, दोन्हींवर पोतं. डावीकडे दर खेपेला एक ओंजळ ढेप. उजवीकडे बहुतेकदा रिकामं, पण मधूनच चार ओंजळी. कधी, ते मी चिठ्ठी काढून ठरवायचे. वासावरून कळू नये म्हणून दोन्ही घमेली ढेपेच्या पाण्याने सारवली. आधी दोन्हींची चव दाखवली, मग निवड तिच्यावर सोडली.

सकाळी ती उजवीकडेच जायची. रिकामं निघालं तरी पुन्हा तिकडेच. संध्याकाळी कुटार खाऊन झाल्यावर मात्र निवांत डावीकडे. तिसऱ्या दिवशीही तेच.

मी विचारलं, “सकाळी सोडण्याआधी काय देता?”

“काईच नाई. संध्याकाळी आल्यावर देतो ना सारं.”

तिथेच उत्तर होतं. एका ओंजळीने भागणार नाही इतकी भूक असली, की चंद्री मोठ्या घासाच्या आशेवर जायची. पोटात आधार असला, की खात्रीचं तिला पुरायचं.

“संध्याकाळचं अर्धं सकाळी द्या.”

“मले सातले निघा लागते, म्याडम.”

“अर्धा तास आधी उठा.”

“शेण काढाले तुम्ही येता का?” त्या म्हणाल्या. पण उठल्या.

पाचव्या दिवशी गिऱ्हाईक गाडी घेऊन हजर. चंद्रीने खाल्लं, मग आम्ही तिला सोडलं. ती रस्त्याच्या दिशेने निघाली. मी कितीही खात्रीने बोलले असले, तरी दावं हातात घेऊन तिच्या मागे निघाले. रस्त्याच्या अलीकडे बांधावर हिरवं गवत होतं. ती थांबली आणि चरू लागली. आम्ही तासभर उभे होतो. तिने मान वर करून पलीकडे पाहिलंसुद्धा नाही.

“गाडी परत न्या, भाऊ,” रत्नाबाई म्हणाल्या.

दोन महिन्यांनी चंद्री व्याली, कालवड झाली. आता जनावर भटकतं अशी तक्रार आली, की ते कुठे जातं हे मी नंतर विचारते. शेवटचं खाल्लं कधी, हे आधी.