फोटोतलं झाड

मिल बंद पडल्यावर तिथले एक जुने कामगार आमच्या महापालिकेच्या झोन ऑफिसात लागले. लूमच्या खडखडाटात उमर गेलेली, त्यामुळे ते कुजबुजले तरी पार परदेशीपुरा मोहल्ल्यापर्यंत ऐकू जायचं. त्या आवाजामुळेच साहेबांनी त्यांना कॉम्प्युटरवर बसवलं. ज्यांना दिसत नाही, त्यांना ऑफिसची नवी वेबसाइट वाचून दाखवायची.

ते सगळंच वाचायचे. "'यहाँ क्लिक करें.' करतो. 'कृपया प्रतीक्षा करें.' चला, करू या भिया."

एकदा पेन्शनच्या फॉर्मसाठी एक अंध मास्तर आले. "पानावर अजून काय आहे?" त्यांनी सहज विचारलं.

"फोटो आहे. साहेब झाडाला पाणी घालतायत. आपल्या गेटवरचीच कुंडी आहे, झाड प्लास्टिकचं."

साहेब मागेच उभे होते. आम्ही फायलींत तोंडं खुपसली. मला वाटलं, यांची ही नोकरीही गेली. साहेब केबिनमध्ये शिरले.

पुढच्या आठवड्यात मास्तर भरलेला फॉर्म घेऊन आले. "झाड कसं आहे?"

आमच्या मिलवाल्यांनी चष्मा पुसून स्क्रीनला नाक लावलं. "फोटो बदलला, मास्तरजी. झाड आता असली आहे."

मग हळूच, म्हणजे अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेब तेच आहेत."