जू टेकलेली गाडी

आज सकाळी बडोद्यात समा भागातल्या आमच्या सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीला चुना लावायला माणूस आला. पत्र्याच्या पिंपात त्यानं चुना भिजवला, चिमूटभर नीळ टाकली, काठीनं ढवळलं, आणि तो ओला, किंचित जळका वास वर माझ्या गॅलरीपर्यंत येऊन पोचला. सून आतून म्हणाली, "आई, चहा थंड होतोय." होऊ दे मेला! चुन्याचा वास आला की मी घरात असून घरात नसते, हे तिला अजून कळायचंय. मी तेव्हा धुळीच्या एका वाटेवर असते, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, हातात गेरूचा डबा, आणि दोन्ही बाजूंना तुरीची शेतं वाऱ्यावर खुळखुळत असतात.

तेव्हा आम्ही घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या बडोद्यातल्या एका आळीत, राहत होतो. गुजरात वेगळं होऊन थोडी वर्षं झाली होती, संस्थान जाऊन तर त्याहून जास्त, पण आमच्या पोळातल्या मराठी घरांत ती बातमी अजून पुरती पोचली नव्हती म्हणा ना! माझे थोरले काका संस्थानच्या मोजणी खात्यात होते. साखळी टाकून त्यांनी अर्धा जिल्हा मोजला, पण स्वतःची म्हणाल तर वीतभर जमीन नाही. आमच्या घरची शेती म्हणजे कुंडीतली तुळस. तरी पेन्शनीत आल्यावरही मांडवीच्या बाजारात खरेदीला आलेले खेडूत वाट वाकडी करून त्यांच्याकडे येत, जोडे काढून ओट्यावर बसत, बशीत चहा ओतत आणि बांधाच्या खुणा विचारत. मग बोलणं बांधावरून विहिरीच्या विजेवर गेलं, विजेवरून कापसाच्या भावावर, भावावरून कोतरावर न झालेल्या पुलावर, आणि एका हिवाळ्यात त्या ओट्यावर चक्क एक पक्ष झाला. कसा झाला म्हणाल तर दही लागतं तसा. रात्री कुणाच्या लक्षात नव्हतं, सकाळी बघितलं तर लागलेलं.

पहिला घोळ उमेदवारीचा. या गावचा उभा केला तर ते गाव रुसणार, एका जातीचा घेतला तर दुसरीचे उठून जाणार. शेवटी एक म्हातारा पागोटं सारखं करत म्हणाला, "साहेबने गाम नथी, एटले बधां गाम साहेबनां." ज्याला गाव नाही, सगळी गावं त्याची! काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकू आतून म्हणाली, "आता हेच राहिलं होतं." पण काका उभे राहिले, आणि मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुठंतरी आपलं गाव असल्यासारखं वाटलं असावं. त्यांना आमदारकीची हौस नव्हती. त्यांना तो पूल हवा होता. कोतर म्हणजे तिकडची खोल घळ, उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत आणि पावसाळ्यात तोंडापर्यंत भरलेली. पलीकडची पाचसहा गावं चार महिने जगाला पारखी व्हायची. ही एक जागा आली तर पक्ष टिकेल, पक्ष टिकला तर कुणीतरी पुलाचं नाव काढील, नाहीतर सगळं ओट्यावरच विरून जाईल, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

निशाणी मिळाली गाडी. नुसती गाडी हं, बैल नसलेली, जू जमिनीला टेकलेलं. कारण बैलांची जोडी ही मोठ्या पक्षाची निशाणी होती. मी तेव्हा चित्रकला शिकत होते, त्यामुळे भिंती रंगवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. काकांनी मला समोर बसवून बजावलं, "हे बघ पोरी, तुझ्या हाताला फार सुचतं. गाडी म्हणजे गाडीच काढायची. बैल दिसता कामा नयेत. लोक चित्र बघून शिक्का मारतात. भिंतीवर बैल बघितले की तिथं जाऊन बैलांवर मारतील, आणि आपण बसू हात चोळत." मी म्हटलं, "अहो काका, एवढं कळतं मला."

कळत होतं हो. पण ते दिवस! माघ सरत आलेला, केसुडा फुललेला, म्हणजे आपला पळस. सकाळी एसटीनं जायचं, पुढं कुणाच्या तरी गाडीतून, गाडीच्या निशाणीचा प्रचार गाडीतूनच. भिंतीवर चुन्याचा चौकोन काढायचा, तो वाळेपर्यंत कुणीतरी ताक आणून द्यायचं, मग गेरूत डिंक कालवून चाकं, धुरा, जू. डिंक कमी पडला की रंग हाताला यायचा आणि पोरं गालाला लावून पळायची. पोळातून आलेली मी, मला आभाळ एवढं मोठं असतं हेच माहीत नव्हतं. आजही डोळे मिटले की ते दिवस एकामागून एक नाही येत, सगळे मिळून एकच लांबलचक दुपार होऊन येतात.

कोतराच्या पलीकडच्या शेवटच्या गावात एक बा होती, तिकडं आईला, थोरल्या बाईला बा म्हणतात. विधवा, ताठ, तंबाखूनं काळे झालेले दात. तिच्या घराची भिंत गावात सगळ्यांत रुंद. मी गाडी काढून संपवली तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "बेन, बळद क्यां?" मी समजावलं, निशाणीच अशी आहे, बैल नाहीत. ती मान हलवत राहिली. मग तिनं सांगितलं. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला आलेली, श्रावणात अडली. गाडीत घालून निघाले, तर कोतर भरलेलं. बैल पाण्यात उतरेनात, म्हणून शेवटी सोडले. गाडी काठावर जू टेकून दिवसभर उभी राहिली आणि पोर त्या गाडीतच गेली. "आवुं ज गाडुं हतुं," बा माझ्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली. अश्शीच होती गाडी. "रोज सवारे उठीने मारे आ जोवानुं?" रोज सकाळी उठून मी हेच बघायचं?

आता सांगा, तुम्ही काय केलं असतं? मी बैल काढले. दोन काढले, पांढरेशुभ्र, शिंगांना फुंदे, मानेत घुंगरमाळा, पुढचा पाय उचललेले, आता निघालेच असे. माझ्या हातून त्याआधी आणि त्यानंतर तसं चित्र झालं नाही. गाव बघायला लोटलं. बानं बैलांना कुंकू लावलं. म्हटलं, एका भिंतीनं काय होतंय! काकांना मी काही बोलले नाही.

काका पडले. एका मोठ्या घरात सणाला पंगतीला जेवढी माणसं बसतात ना, तेवढ्याच मतांनी पडले. काकूनं त्या दिवशी उगीचच शिरा केला आणि कुणी खाल्ला नाही. मी माडीवर जाऊन रडले. कुणाला वाटलं काकांसाठी रडते, आणि ते खोटंही नव्हतं.

आठ दिवसांनी काका म्हणाले, "चल, सगळ्यांचे आभार मानून येऊ." त्या शेवटच्या गावात मी काकांच्या मागं मागं शिरले. बा दारातच होती. काकांना बघून तिचा चेहरा असा उजळला! म्हणाली, "साहेब, में तो तमारा बळद पर ज छाप मारी! आखा फळियाए बळद पर मारी!" मी तर तुमच्या बैलांवरच शिक्का मारला, आख्ख्या आळीनं मारला. काकांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या मागच्या भिंतीकडे. बैल उन्हात लखलखत होते. काकांनी हात जोडले आणि म्हणाले, "बहु सारुं कर्युं, बा." फार चांगलं केलंत. आणि ओसरीवर बसून तिच्या हातचा चहा प्यायले.

परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. बडोदे जवळ आलं तेव्हा म्हणाले, "डाव्या बैलाचं वशिंड जरा जास्तच चढलंय, नाही?" मला हुंदका आवरेना. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. "रडू नकोस. बैल झकास काढलेस. फक्त तिला कधी कळू द्यायचं नाही. कळलं?"

पक्ष पुढं दोनतीन पावसाळे कसाबसा तगला, मग ओट्यावरची माणसं कमी होत गेली. कुणी मोठ्या पक्षात गेलं, कुणी म्हातारं झालं. काका गेले तेव्हा अंगणात खेडुतांच्या जोड्यांचा ढीग पडला होता, तो मात्र मी विसरले नाही. पूल झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी, मोठ्या पक्षाच्या राजवटीत, फीत कापून.

तो झाल्यावर मी एकदा मुद्दाम गेले. कठड्याशी टॅक्सी थांबवून खाली बघितलं. एवढंसं ते कोतर! भिंतीवर नवा चुना चढला होता, बैलांचा मागमूस नव्हता. बा होती. खाटेवर, अगदी चिमणीएवढी उरलेली, डोळ्यांनी दिसत नव्हतं. माझा हात चाचपून तिनं विचारलं, "चितरवावाळी बेन?" चित्र काढणारी ती तू का? मग हात न सोडता, हळूच, जणू फार वर्षं कुणालातरी विचारायचं राहून गेलं होतं अशी म्हणाली, "पुल तो थयो. ते साहेब जीत्या हता ने?" पूल तर झाला, म्हणजे साहेब जिंकले होते ना?

मी म्हटलं, "हा बा. जीत्या हता. तमारा मतथी ज." जिंकले होते, तुमच्याच मतानं.

ती हसली आणि माझा हात सोडला.

खाली भिंत आता वाळायला लागलीय, पांढरी, कोरी. खरं काय झालं ते सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि मीही कुणाला सांगत नाही. आज चुन्याचा वास आला, म्हणून तुम्हाला सांगितलं एवढंच. त्या गावाकडं कधी गेलात तर बोलू नका हं.