न हलणारं पाणी

कपडे धुण्याच्या कारखान्यात बॉयलर सांभाळणाऱ्याला सगळे घाबरटमामा म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तो होताच घाबरट! एकोणतीस वर्षं त्या लोखंडी धुडापुढे उभा राहिला, पण त्याच्याकडे पाठ म्हणून केली नाही. तीनदा आरडाओरडा करून त्याने सगळ्यांना अंगणात काढलं होतं. तिन्ही वेळा काही म्हणजे काही झालं नव्हतं. भिंतीपलीकडे इस्त्रीवर काम करणाऱ्या त्याच्या लेकीला मान वर करायची सोय उरली नव्हती.

"बाबा, एवढं काय भ्यायचं?" ती चिडून विचारायची.

"वेल्डिंगची ठिणगी हजार अंशांच्या वर तापलेली असते, तरी हातावर पडली तर आपण झटकून टाकतो. तापमान मोठं, पण उष्णता चिमूटभर. बादलीभर उकळतं पाणी ठिणगीपेक्षा कितीतरी थंड, पण अंगावर सांडलं तर कातडी सोलून निघेल. किती तापलंय ते काटा सांगतो गं. किती साठलंय ते कोण सांगणार?"

त्या दिवशी सकाळी कामावर आल्या आल्या त्याने बॉयलरची काचेची नळी पाहिली. आत पाणी किती, ते तीच दाखवते. नळी अर्धी भरलेली होती, पण पाणी हलत नव्हतं. उकळी चालू असताना ते सतत थरथरायला हवं.

"नळी गळत होती, म्हणून मघाशी खालची चावी बंद केली," आधीच्या पाळीचा जोडीदार जांभई देत म्हणाला.

मामाने चावी उघडली. नळीतलं पाणी सर्रकन उतरून दिसेनासं झालं. बॉयलर कोरडा पडत होता! जोडीदार आत पाणी सोडायला पंपाकडे धावला.

"हात लावशील तर याद राख! आतलं लोखंड लाल झालं असेल. त्यावर पाणी पडलं की क्षणात वाफ, आणि हे धूड फुटलंच म्हणून समज!" मामाने त्याला अडवलं.

त्याने बर्नर बंद केला. पण आग विझली म्हणून उष्णता थोडीच जाते? लोखंडात, विटांत ती ठासून भरली होती आणि भिंतीपलीकडे लेक होती.

तो इस्त्रीच्या दालनात धावला. "बाहेर व्हा!" एवढंच कसंबसं ओरडला. बायका खो खो हसल्या.

"चौथ्यांदा?" लेक लाजेने पुटपुटली.

त्याने तिचा हात धरला आणि ती दचकली. बॉयलरपाशी राबणाऱ्या त्या माणसाचा हात बर्फासारखा गार पडला होता. आधीच्या तिन्ही वेळा तो असा गार नव्हता.

"इस्त्र्या टाका! पळा सगळ्या!" ती किंचाळली.

दुपार कलेपर्यंत सगळे फाटकाबाहेर उभे होते. बॉयलर फुटला नाही. गार झाल्यावर तपासनिसाने झाकण उघडलं, तर आतल्या लोखंडी नळ्या तापून मऊ पडल्या होत्या, वाकून खाली लोंबत होत्या. मामाने पंप का सुरू करू दिला नाही, ते त्या पाहून जोडीदाराला कळलं.

दुरुस्तीनंतर कारखाना सुरू झाला. पहिल्याच सकाळी लेक इस्त्रीकडे न जाता बॉयलरच्या दारात येऊन थांबली.

"बाबा," तिने हळूच विचारलं, "पाणी हलतंय ना?"