गॅसवरचा चहा

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी पाळधी गाव ओलांडून धुळ्याकडेच निघालो होतो. "सकाळी आंघोळ करून बसले, आणि बसल्या जागीच गेले," त्यांचा मुलगा सांगत होता. मी गाडी बाजूला घेतली. मनात पहिला विचार काय यावा... आज चहा कोण देणार! स्वतःची लाज वाटावी असे विचार नेमके अशाच वेळी सुचतात.

नाना धुळ्याबाहेरच्या सांडपाणी प्रकल्पावर ऑपरेटर होते, आणि मी जळगावहून आठवड्यातून एकदा तपासणीला जाणारा इंजिनिअर. सांडपाणी स्वच्छ केल्यावर जो गाळ उरतो, तो तिथे एका बंद टाकीत कोंडतात. हवा नसली की आतले जिवाणू तो पचवतात आणि गॅस सोडतात. मी त्याला प्रक्रिया म्हणायचो, नाना पोट म्हणायचे. टाकीच्या भिंतीला तळवा लावून ते तिची तब्येत बघत, आणि माझ्या मीटरच्या आधी त्यांचा अंदाज तयार असे.

एकदा वरिष्ठ पाहणीला येणार होते. टाकीतल्या गॅसची मोठी ज्योत दाखवायची मला भारी हौस! मी नानांना दुप्पट गाळ सोडायला लावला. "पोटवर जबरदस्ती करानी नही, साहेब," ते म्हणाले. "भूक लागनी का ती सोताच मांगी." पण ऐकतो कोण? टाकी आंबली आणि पाहुण्यांसमोर ज्योत फुरफुरून विझली. नाना मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनी गाळ थांबवला, थोडा थोडा चुना दिला, आणि आजारी माणसाला पेज भरवावी तसं टाकीला हळूहळू खायला घातलं. कित्येक दिवसांनी ज्योत परत आली.

त्याच गॅसवर नाना चहा करत. पहिल्या दिवशी त्यांनी कप पुढे केला, तर मी ॲसिडिटीचं कारण सांगितलं. खरं कारण माझ्या नाकावर लिहिलेलंच असणार. पुढच्या खेपेला शरमेनं घेतला. त्यांनी थर्मासमधून ओतलेला, आलं घातलेला, फक्कड चहा! मग काय, मी तो सगळीकडे मिरवू लागलो. एका गावात असा प्रकल्प नको म्हणून लोक अडून बसले होते. तिथे नानांना सोबत नेऊन मी छातीठोकपणे सांगितलं, "मी स्वतः त्या गॅसवरचा चहा पितो." लोक विरघळले. नाना मान खाली घालून हसत होते. मला वाटलं, संकोचले असतील.

दिवसकार्य उरकल्यावर प्रकल्पावर गेलो. फाटकासमोर अक्कांची चहाची टपरी आहे. एक घोट घेतला आणि थबकलो. तीच चव, तेच आलं. "अक्का, अगदी नानांसारखा झालाय," मी म्हणालो. अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या.

"तुमना चहा तं मन्हाकडलाच ऱ्हाये, साहेब. नाना थर्मासमा लई जायेत. म्हनेत, साहेबनं पोट आजून तयार नही... जबरदस्ती करानी नही."

मी बाकावर बसून राहिलो. इतकी वर्षं गावोगाव खोटं सांगत होतो, आणि ते मला ठाऊक नव्हतं, नानांना होतं. चारचौघांत माझं पितळ उघडं पाडायचं सोडून ते दर आठवड्याला रस्ता ओलांडून माझ्यासाठी चहा आणत राहिले. अंत्यविधीला आलं नव्हतं ते रडू मला तिथे आलं.

आत गेलो. थर्मास खिळ्याला लटकत होता. तो तसाच राहू दिला, शेगडी पेटवली आणि चहा टाकला. आलं नव्हतं, पाणी जरा जास्त झालं होतं. वास दुधाचा आणि चहापत्तीचा, बाकी कसलाही नाही. पूर्ण कप प्यायलो.

भूक लागली की मागेल, म्हणून नाना थांबले होते. मी मागितला, तेव्हा द्यायला ते नव्हते.