एकतीस अंशांचा गिअरबॉक्स

ग्वाल्हेरात बिर्ला नगरच्या पलीकडे एक तेलगिरणी आहे. तिथल्या एका एक्सपेलरवर, म्हणजे मोहरी दाबून तेल काढणाऱ्या यंत्रावर, गेल्या हिवाळ्यात मी एक सेन्सर बसवला. कुंकवाच्या डबीएवढी वस्तू. आत बॅटरी, बाहेर एकही वायर नाही. यंत्र किती थरथरतं आणि किती तापतं हे ती दर दहा मिनिटांनी मोजते आणि गिरणीच्या ऑफिसात टांगलेल्या एका डब्याला हवेतूनच कळवते. तो डबा ते आकडे इंटरनेटवर टाकतो. थरथर वाढू लागली की ओळखायचं, काहीतरी बिघडतंय, आणि यंत्र मोडायच्या आत दुरुस्त करायचं. माहितीपत्रकात लिहिलं होतं की बसवायला पंधरा मिनिटं लागतात. मला अडीच महिने लागले.

माझं काम मीटर आणि मोजमापाच्या यंत्रांचं. इंदरगंजला एका औषधाच्या दुकानावर माझी एक खोली आहे, तिथून मी एकटीच सगळं बघते. सेन्सर पुण्याच्या एका कंपनीचा होता. ग्वाल्हेरमध्ये त्यांचा तो पहिलाच, त्यामुळे हौसेनं मी स्वतः बसवायला गेले.

पहिला वैरी तेल. एक्सपेलरच्या गिअरबॉक्सवर तेल आणि पेंडीची भुकटी मिळून बोटभर थर बसलेला असतो. मी तो खरवडला, रंग घासून काढला, रॉकेलनं पुसलं आणि सोबत आलेल्या गोंदानं सेन्सर चिकटवला. दुसऱ्या दिवशी तो खालच्या पत्र्यावर तेलात पडलेला. पुन्हा चिकटवला, पुन्हा पडला. मग लोहचुंबक लावून बघितलं, तर थरथरीनं तो गोगलगायीसारखा उताराकडे सरकत गेला.

पुण्याला फोन केला. पलीकडे कोणी तिशीतला इंजिनिअर असावा. मी सांगितलं, "सेन्सर लावून दिला आहे, पण तो टिकून नाही राहत." तो म्हणाला, "मैडम, आप हिंदी में बोलिए, चलेगा."

"मी मराठीतच बोलतेय," मी म्हटलं.

त्यानं माफी मागितली, पण पुढची सगळी मदत हिंदीतच केली. मी मराठीत विचारायचे, तो हिंदीत उत्तर द्यायचा. आमची ग्वाल्हेरची मराठी हिंदीच्या शेजारी राहून राहून तिच्यासारखी झाली आहे हे मलाही कळतं, पण घरी आल्यावर मी आईवर उगाच चिडले. ती आपली भाजी निवडत म्हणाली, "मग कामाचं काय झालं ते सांग ना." कामाचं काहीच झालं नव्हतं.

शेवटी गिअरबॉक्सला भोक पाडून सेन्सर आट्यांनी आवळायचं ठरलं. यंत्रं सांभाळणारे मिस्त्री ऐकेनात. पन्नाशीचे, शांत, फार न बोलणारे गृहस्थ. मी त्यांना मिस्त्रीजी म्हणायचे, ते मला दीदी. चालत्या गिअरबॉक्सला कुणी भोक पाडतं का, एवढंच ते म्हणाले. मग दोन दिवसांनी त्यांनीच कवचाचा एक जाड भाग शोधला, यंत्र थांबलेलं असताना तिथे अर्धवट खोल भोक पाडलं आणि इतके सुबक आटे काढले की सेन्सर हातानंच फिरत आत बसला.

मग सिग्नलनं छळलं. सकाळी आकडे येत, दुपारनंतर गायब होत. मी बॅटरी बदलली, ऑफिसातला डबा चार वेगवेगळ्या भिंतींवर टांगून पाहिला, पुण्याच्या त्या माणसाकडून रोज तेच तेच प्रश्न ऐकले. आठवडाभर हरिशंकरपुरमच्या घरापासून गिरणीपर्यंत स्कूटरनं हेलपाटे घातले. शेवटी एका दुपारी तिथेच ठाण मांडून बसले तेव्हा दिसलं: जेवणानंतर हमाल पेंडीची पोती यंत्र आणि ऑफिसच्या मधोमध जवळजवळ छतापर्यंत रचत होते, आणि सकाळी ट्रक ती घेऊन जात होता. डबा मी पोत्यांच्या वर, छताखालच्या लोखंडी कैचीला टांगला. इतकी साधी गोष्ट माझ्या लक्षात येऊ नये, याचा राग दोन दिवस गेला नाही.

आकडे नियमित येऊ लागले, आणि ते चांगले नव्हते. थरथर सेकंदाला किती मिलिमीटर अशी मोजतात; ती चारवर असायची, जड काम सुरू झालं की सातवर जायची. पाचच्या वर गेलं की गिरणीच्या मालकांच्या, म्हणजे शेठजींच्या, मुलाच्या फोनवर इशारा जाईल अशी सोय मी केली होती. इशारे रोज जाऊ लागले. मी त्याला म्हटलं, गिअरबॉक्स एकदा उघडून बघू या. तो म्हणाला, सीझन तोंडावर आहे, आत्ता नाही.

जानेवारीच्या शेवटी मात्र आकडे एकाएकी खाली आले. अर्धा, पाऊण, फार तर एक. पुण्याचा माणूस खूश, शेठजी खूश. मीही खूश झाले, हे लिहिताना लाज वाटते. यंत्राची तब्येत उत्तम आहे असा अहवाल मी सहीनिशी दिला.

पंधरा दिवसांनी दुसऱ्या कामासाठी तेच आकडे चाळत होते, तेव्हा नजर तापमानाच्या रकान्यावर गेली. एकतीस अंश. दिवसभर चालणारा तो गिअरबॉक्स इतका तापतो की त्यावर तळहात ठेवता येत नाही. एकतीस अंश म्हणजे यंत्रांनी ऊबदार झालेली शेडमधली हवा.

तशीच गिरणीत गेले. गिअरबॉक्सवर सेन्सर नव्हता. चार पावलांवर शेडच्या लोखंडी खांबावर तो आवळलेला होता, खांबालाही तसेच सुबक आटे पाडून. खांब किंचित थरथरत होता, म्हणून आकडे खरे वाटत होते. गिअरबॉक्सच्या भोकात कचरा जाऊ नये म्हणून एक बोल्ट बसवून ठेवला होता. हे काम कुणाचं, ते विचारायची गरजच नव्हती.

मिस्त्री चाळणीपाशी होते. मी चिडून विचारलं की अडीच महिन्यांची माझी मेहनत त्यांनी मातीत का घातली. त्यांनी नाकारलं नाही. हात पुसत बाहेर आले आणि पिंपाच्या आडोशाला उभे राहून सांगू लागले. इशारा आला की शेठजींचा मुलगा त्यांनाच फोन करायचा, तुम्ही काय केलंत म्हणून. दिवसातून सहा-सहा वेळा. मोटरकडच्या पायाचं काँक्रीट फुटलंय, बोल्ट ढिले झालेत, हे त्यांनी सेन्सर यायच्या कितीतरी आधी दोनदा सांगितलं होतं. तेव्हा कुणी ऐकलं नाही.

"हमने कहा तो वहम था," ते म्हणाले, "मशीन ने कहा तो हमारी गलती हो गई."

माझा राग उतरला असं नाही. तो कुणावर काढायचा, हे मात्र कळेनासं झालं. इशारे त्या मुलाच्या फोनवर पाठवायची सोय माझीच होती. यंत्राजवळ बारा तास उभ्या असणाऱ्या माणसाला मी एकदाही विचारलं नव्हतं की हे आकडे का वाढताहेत.

मिस्त्रींनी त्याच दिवशी सेन्सर परत गिअरबॉक्सवर बसवला. मी शेठजींकडे गेले आणि म्हटलं, माझा अहवाल चुकीचा होता, सेन्सर भलत्या जागी होता. कुणी लावला, ते विचारतील म्हणून आधीच सांगितलं की जबाबदारी माझी. शेठजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आत्ताचं मोजमाप चुकीचं निघालं, तर आधीचं बरोबर होतं हे कशावरून? मी त्यांना यंत्रापाशी नेलं, मोटरच्या पायाशी वाकायला लावलं आणि बोल्टवर बोट ठेवायला सांगितलं. बोल्ट हलत होता. ते म्हणाले, होळीला दोन दिवस गिरणी बंद असते, तेव्हा काय ते करा.

तोपर्यंतचे इशारे मी माझ्या फोनवर घेतले. आले की मी मिस्त्रींना विचारायचे, ते कधी सांगायचे की ओली मोहरी आलीय, कधी बोल्ट पुन्हा आवळायचे. होळीला बाहेर रंग चालला होता आणि आम्ही दोघं पायाचं फुटकं काँक्रीट फोडत होतो. लवकर घट्ट होणारा सिमेंटचा मसाला ओतला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटर आणि गिअरबॉक्स एका रेषेत आणले. मोटरखाली पत्र्याच्या पातळ चकत्या कुठे किती सारायच्या हे मिस्त्रींनी ठरवलं, मी फक्त मोजून सांगत होते.

गिरणी सुरू झाल्यावर आकडा अडीचवर आला आणि तिथेच राहिला. तापमानही खरं होतं. तिसऱ्या दिवशी शेठजींच्या मुलाचा निरोप आला: आता सेन्सर ठीक चालतोय, दुरुस्त केल्याबद्दल आभार.

मी सविस्तर लिहिलं की सेन्सर दुरुस्त केलेला नाही, पाया दुरुस्त केलाय, आणि तो मिस्त्रींनी केलाय, ज्यांनी हे आधीच सांगितलं होतं. उत्तरादाखल एक अंगठा आला. महिनाभरानं त्यानं उरलेल्या तीन एक्सपेलरवरही सेन्सर लावायला सांगितले. मी मिस्त्रींना फोन करून विचारलं की भोकं कुठे पाडायची. ते म्हणाले, उद्या या, पण त्याआधी दुसऱ्या नंबरच्या यंत्राचा पट्टा बघावा लागेल, तो चार महिन्यांपासून घसरतोय.