आकाशातला थंड डाग

मुकादम सर गेल्याचा फोन कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी केला, तेव्हा मी लांज्याच्या स्टँडवर रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत होतो. निघालो होतो सरांकडेच... गाडी आली तसा चढलो. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

सर आम्हांला भौतिकशास्त्र शिकवत. विश्वाच्या बालपणीची ऊब अजून सगळ्या आकाशात भरून आहे. उपग्रहाने काढलेला तिचा नकाशा त्यांनी छापून, काचेच्या चौकटीत घालून प्रयोगशाळेत लावला होता. त्यात खाली उजवीकडे एक निळा डाग. तिथे ती ऊब अपेक्षेपेक्षा किंचित कमी. ती का कमी, हा माझ्या प्रकल्पाचा विषय. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे काहीतरी शोधून दाखवायची मला फार घाई. ती ऊब घेऊन येणाऱ्या प्रकाशाच्या वाटेत प्रचंड पोकळी असावी, असं कुणी मांडलेलं वाचलं आणि धावत सरांकडे गेलो. त्यांनी सवयीप्रमाणे आधी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, मग नकाशा पाहिला.

"आंब्यावर डाग दिसला तर काय करतोस रे?"

"पुसतो, सर. धूळ असली तर जाते."

"आणि नाही गेली?"

"कापून बघतो."

"इथे कापता येत नाही. म्हणून पुसायचं जास्त."

मग आम्ही पुसतच राहिलो. आपल्याच आकाशगंगेची धूळ, यंत्रातला दोष, सगळं तपासलं. संगणकावर खोटी आकाशं तयार केली, तर त्यांतल्या थोड्यांत असा डाग आपोआप पडला. म्हणजे नुसता योगायोगही असेल... नसेलही. घरी आये विचारायची, "गावला काय रे?" "नाही सापडलं अजून," मी म्हणायचो.

सरांना शेवटचं भेटलो ते दवाखान्यात. "सर, कारण कळलं नाही असंच लिहू? नापास करतील."

"सापडलं म्हणून लिहिलं असतंस तर मीच केलं असतं," ते म्हणाले आणि हसताना त्यांना ठसका लागला.

परवा प्रकल्प दिला. शेवटचं वाक्य, 'कारण अद्याप माहीत नाही.' आयेला सांगितलं, तर म्हणाली, "मग परत बघ."

रत्नागिरीला उतरून थेट प्रयोगशाळेत गेलो. नकाशावर धूळ बसली होती. मला चष्मा नाही. रुमाल काढून चौकटीची काच पुसली. डाग तिथेच होता.